पित्ताची गोळी आणि रक्ताची गोळी



आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात दोन प्रकारच्या गोळ्या सापडतात. एक, आशाताईने किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरने दिलेली लाल रंगाची रक्तवाढीची गोळी. दुसरी, मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी. लाल गोळी चार दिवस खाल्ली जाते आणि चार दिवस विसरली जाते. पित्ताची गोळी मात्र रोज सकाळी न चुकता घेतली जाते. तीन महिन्यांनी रक्त तपासले की हिमोग्लोबिन होते तिथेच. मग घरात म्हणतात, "सरकारी गोळ्यांत काही दमच नाही."

गोळीत दम आहे. पण ती पोटात गेल्यावर रक्तापर्यंत पोहोचायला एक वाट लागते. ती वाट पोटातल्या आम्लातून जाते. ते आम्लच आपण रोज बंद करून ठेवले तर लोह वाटेतच अडकते. या वेळी आपण हाच धडा घेऊ.

हा विषय किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे गोळ्या वाटल्या जात असतानाही रक्त कमीच होत गेले. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जीव धोक्यात येतो. रक्त कमी असलेल्या मुलीला वर्गात बसून समजत नाही, आणि आपण तिला आळशी म्हणतो.

ज्याला आपण पित्त म्हणतो ते काय?

छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आली की आपण म्हणतो, "पित्त झालंय." खरा पित्तरस यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो आणि जठराच्या पुढे लहान आतड्यात उतरतो. जळजळ होते ती बहुतेक वेळा जठराच्या स्वतःच्या आम्लाने. हे आम्ल बाथरूम धुण्याच्या ॲसिडच्याच जातीचे असते, फक्त पुष्कळ सौम्य. आपले जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचक रस तयार करते. त्या रसाने जठर स्वतः जळू नये म्हणून आतून बुळबुळीत थराचे अस्तर असते. अस्तराला इजा झाली किंवा आम्ल वर अन्ननलिकेत आले की जळजळ होते.

हे आम्ल शरीराने उगाच बनवलेले नाही. त्याची तीन मोठी कामे आहेत. अन्नापाण्यातून आलेले जंतू मारणे, हे पहिले. डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिने पचवायला सुरुवात करणे, हे दुसरे. आणि अन्नातली खनिजे विरघळवणे, हे तिसरे. तिसऱ्या कामाबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

लोह विरघळते कसे?

काळा पडलेला तांब्याचा हंडा आपण चिंचेने घासतो. नुसत्या पाण्याने न निघणारा थर चिंचेच्या आंबटपणाने सुटतो. पोटात असेच काहीसे घडते. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतले लोह साध्या पाण्यात सहज न विरघळणाऱ्या रूपात असते. जठरातल्या आम्लात ते विरघळते. अन्न पुढे सरकून लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात आले की विरघळलेले लोह तिथून रक्तात शोषले जाते. त्या भागाच्या पुढे आतड्यातला रस आम्लधर्मी राहत नाही. लोह तोपर्यंत विरघळले नसेल तर ते बहुतेक शौचावाटे निघून जाते.

लाल गोळीतले लोह अन्नातल्या लोहापेक्षा सहज विरघळते. तरीही पोटात आम्ल फारच कमी असेल तर त्याचाही एक भाग पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जातो.

मटण, काळीज, मासळी यांतल्या लोहाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बरेचसे लोह रक्ताच्या लाल रंगद्रव्यातच गुंडाळलेले असते. त्याला आम्लाची गरज कमी लागते आणि ते जास्त प्रमाणात शोषले जाते.

पित्ताची गोळी नेमके काय करते?

पित्ताची औषधे साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार, खायचा सोडा, पाण्यात फसफसणारी पावडर, पांढरे किंवा गुलाबी पातळ औषध. ही औषधे तयार झालेले आम्ल मारतात. परिणाम लवकर येतो आणि लवकर जातो. यांच्यात आणि लोहाच्या गोळीत किमान दोन तासांचे अंतर ठेवले की पुष्कळसे काम भागते.

दुसरा प्रकार, फॅमोटिडीन किंवा रॅनिटिडीनसारख्या गोळ्या. या आम्ल तयार होणे काही तासांपुरते कमी करतात.

तिसरा प्रकार, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल. पाकिटावर गोळीचे नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात हे शब्द असतात. मुलांकडून वाचून घ्या. या गोळ्या आम्ल तयार करणारा पंपच बंद करतात, आणि त्यांचा परिणाम पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त टिकतो. म्हणून "सकाळी पित्ताची घेतली, रात्री रक्ताची घेतली" एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पंप रात्रीही मंदच असतो.

या गोळ्या वाईट नाहीत, हे नीट लक्षात घ्या. अल्सरमधून रक्त जात असेल, तर त्या जीव वाचवतात. हृदयविकारामुळे ॲस्पिरिन चालू असलेल्या अनेकांना त्या मुद्दाम दिल्या जातात. चूक आहे ती एवढीच, की १४ दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आपण चार वर्षे घेतो. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला देतो, शेजारणीला बरे वाटले म्हणून आपणही घेतो. का घेतो आणि कधीपर्यंत घ्यायची, हे कोणी विचारत नाही.

दोन वर्षांहून अधिक काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत लोहाची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता जास्त दिसते, असे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत आढळले आहे. ब-१२ हे खनिज नाही, पण अन्नातून सुटे व्हायला त्यालाही आम्ल लागते. ते कमी पडले तर हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होते आणि रक्तही कमी होते. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या काहींच्या रक्तातले मॅग्नेशियम घटते. त्याने पायात गोळे येतात, धडधड होते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण विभागाने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

कॅल्शियमचेही असेच. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी कॅल्शियमची गोळी साधारणतः कॅल्शियम कार्बोनेटची असते, म्हणजे खडूच्याच जातीची. खडू विरघळायला आम्ल पाहिजे. जेवण केले की पोटात आम्ल सुटते, म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यायला सांगतात.

आम्ल फार झाले तर जखम होते, आणि कायमचे बंद केले तर शरीर उपाशी राहते. तथागतांचा मध्यम मार्ग पोटालाही लागू आहे.

आपल्या माणसांना पित्त होते का?

गोळी बंद करा असे नुसते सांगून चालणार नाही. जळजळ खरी असते. तिची कारणे आपल्या जगण्यात आहेत.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयत्यावरची बाई पहाटे उठते, भाकरी थापते, काळा चहा पिऊन फडात जाते. जेवण दुपारी, कधी त्याहून उशिरा. कंबर आणि खांदे दुखतात, म्हणून उपाशीपोटी दुखण्याची गोळी. त्यात मिश्री आणि तंबाखू. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या जठराचे अस्तर खरवडतात. त्यातून थोडे थोडे रक्त जात राहते, आणि तेही रक्तक्षय वाढवते. मग जळजळीवर पित्ताची गोळी. एका गोळीचे दुखणे दुसऱ्या गोळीने झाकले जाते आणि रक्त दोन्हीकडून घटते.

याचे एक कारण डोळ्यांना दिसत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या अस्तरात राहतो. दाटीची घरे आणि अस्वच्छ पाणी असते तिथे तो लहानपणीच लागतो. भारतात तो फार लोकांच्या पोटात आहे. अल्सर नुसत्या काळजीने किंवा तिखटाने होतो असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि त्याच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांना या जंतूचा त्रास होत नाही. पण काहींना अल्सर होतो, आणि काहींचे अस्तर वर्षानुवर्षे झिजून आम्लच कमी बनते. अशा माणसाला लोह कितीही दिले तरी लागत नाही. तपासणी करून साधारण १४ दिवसांच्या औषधांनी हा जंतू घालवता येतो. वारंवार पित्त होते आणि रक्तही वाढत नाही, अशी दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर डॉक्टरांना या जंतूबद्दल जरूर विचारा.

ताटात काय करता येईल?

ज्वारी-बाजरीत लोह आहे, पण त्याला धरून ठेवणारा फायटेट नावाचा घटकही आहे. धान्य-कडधान्य भिजवले, मोड आणले, आंबवले की तो कमी होतो. म्हणून मोडाची मटकी आणि ज्वारीची आंबील ही शहाणपणाची खाणी आहेत.

आंबट पदार्थातले क जीवनसत्त्व लोह विरघळलेले ठेवते. जेवताना ताटात अर्धे लिंबू पिळा. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, कच्ची कोबीही चालते. एवढ्याने भाकरी-भाजीतले लोह दुपटीहून जास्त लागू शकते. पित्ताची गोळी ज्यांना घ्यावीच लागते त्यांनाही याचा थोडाफार आधार होतो. लिंबाने जळजळ होत असेल तर पेरू खा.

चहा मात्र उलटे काम करतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा भाजी-भाकरीतले लोह निम्म्याहून अधिक अडवू शकतो. चहा सोडा असे मी म्हणत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे, आणि गोळी व चहा यांत शक्यतो दोन तासांचे अंतर ठेवा.

तीळ, कारळ, अळीव, हरभरा, चवळी, राजगिरा, शेवग्याचा पाला ही आपल्याला परवडणारी लोहाची खाणी आहेत. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवते हा गैरसमज आहे. त्यात लोह फार नसते.

आता मांसाहाराबद्दल. आपल्या आजीच्या चुलीवर वजडी शिजे, रक्ती परतली जाई, काळीज लेकरांना दिले जाई. या अन्नाला गावाने नावे ठेवली, आणि शिकल्यावर आपल्यातल्या काहींनाही त्याची लाज वाटू लागली. मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद आपल्याच जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. नर्सच्या नजरेने पाहिले तर रक्ती आणि काळीज हे सहज लागणाऱ्या लोहाचे उत्तम साठे आहेत. ज्या उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर घेतले जाते ती आपल्याच दारात वाढते. ज्यांना चालते त्यांनी स्वच्छ जागेवरून आणून, चांगले शिजवून, बिनदिक्कत खावे. गरोदर बाईने मात्र काळीज टाळावे, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि ते बाळाला बाधू शकते. जे शाकाहारी आहेत त्यांनी लिंबू, मोड आणि गोळी यांवर भर द्यावा.

लाल गोळी घ्यायची रीत

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन देतात. शाळेतल्या मोठ्या मुलींना निळी गोळी आठवड्याला एक असते.

घेताना एवढे पाळा:

१. जेवणानंतर दोन तासांनी, शक्यतो रात्री झोपण्याआधी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर जेवणानंतर लगेच घ्या, पण सोडू नका.

२. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी किंवा पित्ताचे पातळ औषध यांच्याबरोबर घेऊ नका. दोन तासांचे अंतर ठेवा.

३. शौच काळी होते. त्याला घाबरून गोळ्या फेकू नका.

४. एका महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. रोज गोळी घेऊनही महिन्यात एक ग्रॅमने वाढले नाही तर डॉक्टरांकडे जा आणि पित्ताच्या गोळीचे पाकीट बरोबर न्या. गरज असेल तर सरकारी रुग्णालयात लोहाचे इंजेक्शन शिरेतून देतात. ते पोटाच्या वाटेने जात नाही, त्यामुळे आम्लाचा प्रश्नच येत नाही. पोटातले जंत, पाळीत जास्त रक्त जाणे, आणि घराण्यात असेल तर सिकलसेल, याही बाबी तपासून घ्या.

लक्षात ठेवायचे आकडे तीन. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली, इतर बाईचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

या गोळीमागे आपल्या कष्टकरी बायांचा इतिहासही आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचे रक्त वाढते असे त्यांनी दाखवले. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. त्याच १९२८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाआधी बाईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. ऊसतोडीच्या फडात आजही तो लागू झालेला नाही. म्हणून तिथे जाणाऱ्या गरोदर बाईच्या पिशवीत निदान गोळ्यांचा पूर्ण साठा आणि तपासणीचे कार्ड असलेच पाहिजे. निघण्याआधी आशाताईकडून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पित्ताची गोळी कमी कशी करायची?

डॉक्टरांनी अल्सर, हृदयविकार किंवा दुसऱ्या कारणासाठी सांगितली असेल तर स्वतःहून बंद करू नका. आधी विचारा, "किती दिवस घ्यायची?" स्वतःच्या मनाने सुरू केली असेल तरी एकदम तोडू नका. बरेच महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली की काही दिवस आम्ल जोरात सुटते आणि "गोळीशिवाय जमतच नाही" असे वाटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवसाआड करा, मग थांबवा. बरोबरीने मिश्री, तंबाखू आणि दारू सोडा. पंचशीलातले पाचवे शील पोटाचेही रक्षण करते. सकाळी चहाआधी चतकोर भाकरी खा. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. रात्री जेवून लगेच आडवे होऊ नका.

पुढील लक्षणे असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच, घास गिळताना अडकणे, कारण नसताना वजन घटणे. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम येत असेल, हात किंवा जबडा दुखत असेल तर ते पित्त समजून सोडा पिऊ नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक काम करू या. प्रत्येकीने घरातला औषधांचा डबा घेऊन यावे. शिकलेल्या मुला-मुलींनी पाकिटांवरची नावे वाचून दाखवावीत. कोण पित्ताची गोळी किती महिने घेते आणि तिचे शेवटचे हिमोग्लोबिन किती होते, ते एका वहीत लिहावे. सहा महिन्यांहून जास्त काळ गोळी चालू असेल आणि रक्तही कमी असेल, अशा बायांची यादी करून सगळ्या मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. एकटीला "बाई, पुढच्या आठवड्यात या" असे ऐकून परतावे लागते. दहाजणी गेल्या तर तपासणी होते.

जय भीम.